आलं का रे कुणाचं?

मी एक कीबोर्ड बोलतोय. आजवर माणसं माझ्यावर बोटं आपटून त्यांच्या मनातलं बोलली, आज माझी पाळी. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. पण ऐका मात्र पुरतं, कारण जे घडलं त्याला माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरचं संगणकाचं दुकान. साल २००३, श्रावण चालू होता. महेश नावाचा एक पोरगेला माणूस पुण्याहून आला होता, आईसाठी संगणक घ्यायला. दुकानदाराला म्हणाला, "कीबोर्ड जरा दणकट द्या हो. आई टायपिस्ट होती आमची. तिचा हात लय जोरात चालतो." दुकानदारानं मला खोक्यातून काढलं, दोन कळा दाबून बघितल्या, आणि माझं नशीब ठरलं.

मखमलाबादच्या बाजूला त्यांची गुलाबाची नर्सरी होती. पत्र्याच्या खोलीत, खताच्या पिशव्यांशेजारी माझं टेबल. दोन दिवसांत माझ्या फटींत माती गेली. मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू! पण महेशची आई, मालनबाई, रोज संध्याकाळी पदराच्या टोकानं मला पुसायच्या, आणि पुसता पुसता बोलायच्या, "बस बाबा, तुलाही आमच्यासारखीच सवय होईल." झाली.

मी माणसं ओळखतो ती बोटांवरून. मालनबाईंची दहाही बोटं चालायची, खाली न बघता. लग्नाआधी त्या मराठी टायपिंगच्या क्लासात शिकवायच्या, आणि दुकानदारानं संगणकात जो मराठी फॉन्ट घालून दिला होता त्याची अक्षरं जुन्या टाइपरायटरच्याच जागी बसवलेली होती. पंचवीस वर्षांनी बोटांना आपली घरं सापडली. पहिल्या दिवशी त्यांनी एक अख्खं पान नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं आणि डोळे पुसले. त्यांचे यजमान सावळीराम एकाच बोटानं लिहायचे, तेही इतकं रेटून की एका अक्षराची पाच अक्षरं व्हायची. त्यांच्यासाठी मालनबाईंनी माझ्या कळांवर चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि रोपांवर नावं लिहायच्या मार्करनं त्यावर मराठी अक्षरं काढली. महेशची बोटं हलकी, भराभर धावणारी. तो फक्त इंग्रजीत लिहायचा.

आता मूळ गोष्टीवर येतो. नर्सरी बसत चालली होती. हायवेवर मोठ्या नर्सऱ्या झाल्या, गाड्या तिकडेच थांबायला लागल्या. जमिनीवर एका बिल्डरचा डोळा होता. पैसे आणि वर एक फ्लॅट देतो म्हणत होता. सावळीरामांचे गुडघे गेले होते. महेशचं म्हणणं एकच, "आई, आता बास झालं. आप्पा चिखलात पडले तर त्यांना उचलायला कोण आहे इथं?"

मालनबाई ऐकेनात. त्यांच्याकडे एक वही होती. आलेल्या गिऱ्हाइकानं नाव, गाव आणि असला तर ई-मेलचा पत्ता त्यात लिहायचा. मुंबई, ठाणे, पुणे, पार नागपूरपर्यंतचे एकशे बहात्तर पत्ते. त्या म्हणाल्या, "मला एक हंगाम द्या. गणपती ते संक्रांत. मी या सगळ्यांना पत्रं लिहिते. यातल्या वीस जणांनी जरी 'येतो' म्हणून कळवलं तरी विकायचं नाही. वीस झाले नाहीत, तर मी गप सही करते."

सावळीराम म्हणाले, "वीस नाय, दहा झाले तरी मी तुझ्या बाजूनं हाय."

"नाही हो. वीस म्हणजे वीस."

महेश कबूल झाला. त्यानंच ई-मेल कसं पाठवायचं ते शिकवलं. म्हणाला, "एकच मजकूर इंग्रजीत लिही, सगळ्यांना एकदम जातो. मोठ्या कंपन्या असंच करतात."

"माझी गिऱ्हाइकं माझ्याशी मराठीत बोलली. आणि एकदम काय पाठवायचं? घरचं बोलावणं असं देतात का कुणी?"

आणि बाईंनी खरोखर एकशे बहात्तर पत्रं वेगवेगळी लिहिली! रोज सकाळी पाणी देऊन झालं की पाच-सहा. प्रत्येकाला त्याच्या रोपाबद्दल विचारायचं. इगतपुरीच्या गोटीराम गुरुजींना त्यांच्या मुलाच्या पत्त्यावर लिहिलं, "तुमच्याकडे पाऊस फार, कुंडीखाली विटा ठेवल्यात ना?" ठाण्याच्या शुभांगीताई मुलीच्या दर वाढदिवसाला एक गुलाब न्यायच्या. त्यांना लिहिलं, "वेदिकाचं पाचवं रोप मी बाजूला काढून ठेवलंय. डिसेंबरात येताय ना? मी वाट बघते." असली जाहिरात मी पुन्हा कधी टाइप केली नाही. ती पत्रं जाताना मला फार बरं वाटायचं. त्यांच्या बोटांत उमेद होती, ती माझ्यातही उतरायची.

दुसऱ्याच आठवड्यात सावळीरामांनी हौसेनं एक आलेलं पत्र उघडलं. इंग्रजीत होतं, त्यांना वाटलं गिऱ्हाईकच. निघाला व्हायरस. आठ दिवस संगणक दुकानात पडून. तेव्हा महेशनं नियम घालून दिला, "तुम्ही फक्त पाठवायचं. आलेल्या पत्रांना हात लावायचा नाही. मी दर रविवारी येऊन बघत जाईन." दोघांनी माना डोलावल्या.

रविवार आला की मालनबाईंचा जीव वरखाली व्हायचा. महेश संगणकासमोर बसला की त्या मुद्दाम बाहेर जाऊन कुंड्या हलवायला लागायच्या. समोर उभं राहून ऐकायचा धीर नव्हता हो त्यांना. इंटरनेट जोडताना होणारी ती खरखर संपली की बाहेरून आवाज यायचा,

"आलं का रे कुणाचं?"

"नाही आई. जाहिरातीच आहेत."

दिवाळी होईपर्यंत दर रविवारी हे खरं होतं. दर सोमवारी बाईंची बोटं जड व्हायची, बुधवारपर्यंत पुन्हा हलकी. "अहो, लोक गणपतीच्या गडबडीत असतील," मग "दिवाळीची साफसफाई चालली असेल." दिवाळी झाली तशी त्यांनी दुसऱ्यांदा पत्रं लिहायला घेतली. यावेळी प्रत्येक पत्रात एक नवी ओळ होती. "माझं काही चुकलं असेल तर मोकळेपणानं सांगा." ती ओळ मी एकशे बहात्तर वेळा सोसली.

मग तो रविवार आला. महेशनं पत्रं उघडली आणि त्याच्या तोंडून निघालं, "अरेच्चा!" पाच पत्रं होती, खरी. तो पुटपुटत वाचायला लागला, म्हणून मला कळलं. सगळी इंग्रजीत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. तुमचं पत्र वाचता येत नाही, नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतायत, तुम्ही बऱ्या आहात ना, पुन्हा पाठवाल का? आम्ही येतोच आहोत.

त्या काळात तसंच होतं. मराठीचा फॉन्ट ज्याच्या संगणकात असेल त्यालाच मराठी दिसायचं, बाकीच्यांना सगळा कचरा. बाईंच्या पडद्यावर त्यांचं पत्र मोत्यासारखं सुंदर होतं. त्यांना कसं कळणार? दुकानदार बोलला नाही, महेशच्या ध्यानात आलं नाही, आणि मी तर फक्त दाबलेली कळ पुढे सांगणारा. पुढे कुणाला काय दिसतं ते मला कुठं ठाऊक!

"आई..." महेशनं हाक मारायला तोंड उघडलं. अर्धा उठलाही होता. तेवढ्यात बाहेर सावळीरामांचा पाय घसरला. फार लागलं नाही, पण मालनबाई त्यांना एकट्यानं उठवत होत्या आणि दोघंही धापा टाकत होती. महेश खिडकीतून बघत राहिला. मग तो खाली बसला.

त्यानं उत्तर लिहायला घेतलं. इंग्रजीत, एका ओळीचं. नर्सरी बंद करत आहोत, आजवरच्या लोभाबद्दल आभार. खाली त्यानं आईचं नाव घातलं. मालन. पाच इंग्रजी कळा. ते पाचही जणांना पाठवलं आणि आलेली पत्रं, गेलेली उत्तरं, सगळ्यांवर डिलीट दाबलं.

"आलं का रे कुणाचं?" बाहेरून आवाज आला.

"नाही आई."

मी ओरडलो असतो. कशानं ओरडू? मला आवाज असतो का? ती अक्षरं माझ्यातूनच गेली, डिलीटची कळही माझीच. महेश वाईट मुलगा नव्हता, हे मी आजही सांगेन. त्याला वाटलं, आईला थोडं दुखेल आणि मग ती सुटेल. पण जे आईचं होतं ते त्यानं परस्पर पुसलं. त्या दिवशी त्याच्या बोटांना घाम होता.

पुढच्या रविवारी सात आली. मग दोन. मग सहा. सगळ्यांना तेच एका ओळीचं उत्तर, आणि मग डिलीट. शुभांगीताईंचं त्यातच होतं. संक्रांतीच्या आदल्या रविवारपर्यंत मी मोजली, तीन आणखी. एकूण तेवीस. बाईंनी वीस मागितली होती.

संक्रांतीला मालनबाईंनी सही केली. रडल्या नाहीत. संध्याकाळी येऊन नेहमीसारखं मला पुसलं आणि सावळीरामांना म्हणाल्या, "अहो, लोकांना रोपं हवी होती. मी नको होते. मला उगाच वाटत राहिलं."

"असं नको बोलू गं," सावळीराम म्हणाले.

जमिनीवर इमारत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावर दोघांना फ्लॅट मिळाला. जिथं त्या गुलाबाचे डोळे भरायच्या, म्हणजे कलमं बांधायच्या, तिथं आता मोटारी लागतात. संगणक आणि मी हॉलच्या कोपऱ्यात आलो. बाईंनी पुन्हा माझ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. गॅलरीत चार कुंड्या होत्या. त्यातल्या तीन कुंड्यांतली रोपं येत-जात राहिली, चौथीला मात्र त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

२००८च्या डिसेंबरात एका दुपारी बेल वाजली. दारात एक बाई आणि दहा वर्षांची मुलगी.

"मालनताई! ओळखलंत का? मी शुभांगी, ठाण्याची. ही वेदिका. त्र्यंबकला निघालो होतो, म्हटलं निदान ती जागा तरी हिला दाखवू. खाली वॉचमन म्हणाला, मालक इथंच राहतात."

चहा झाला. मग शुभांगीताई म्हणाल्या, "मला इतकं वाईट वाटलं होतं तेव्हा. तुमचं पत्र आलं ते सगळी चिन्हंच चिन्हं. मी लगेच लिहिलं, ताई, पुन्हा पाठवा, आम्ही येतोच आहोत. तर तुमचं उत्तर, नर्सरी बंद करतोय. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, एका शब्दानं विचारलं नाही हो ताईंनी."

सावळीरामांनी बायकोकडे बघितलं. मी तर श्वास धरून होतो, मला श्वास नसला तरी. मालनबाईंनी हातातली कपबशी हळूच खाली ठेवली. आलेली पत्रं कोण बघायचं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"हो गं," त्या म्हणाल्या. "मीच कळवलं होतं. ह्यांचे गुडघे फार दुखायचे ना."

मग त्या उठल्या, गॅलरीतून ती चौथी कुंडी उचलून आणली आणि वेदिकापुढे ठेवली. "हे तुझं पाचवं रोप. जरा थोराड झालंय. पण फुलतं अजून." शुभांगीताईंना हुंदका आवरला नाही. बाईंनी त्यांची पाठ थोपटली.

त्या गेल्यावर मालनबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. पाच वर्षांनी पहिल्यांदा त्यांची बोटं माझ्यावर आली. काही लिहिलं नाही. एक बोट डिलीटच्या कळेवर बराच वेळ नुसतं ठेवलं होतं.

रविवारी महेश आला. जेवून संगणकापुढे बसला, स्वतःचं काहीतरी ऑफिसचं काम घेऊन. मालनबाई गॅलरीत गेल्या. जिथं चौथी कुंडी होती तिथं फरशीवर मातीचा गोल डाग राहिला होता, तो पुसत होत्या. आणि तिथूनच, अगदी पूर्वीच्याच आवाजात, त्यांनी विचारलं,

"आलं का रे कुणाचं?"

महेशची बोटं माझ्यावर थिजली. त्यानं गॅलरीकडे बघितलं, कुंडीची रिकामी जागा बघितली. मग त्यानं पाच वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं ते खरं उत्तर दिलं. आवाज अगदी बारीक, पण गॅलरीपर्यंत पोचला.

"तेवीस आली होती, आई."

"वीसच हवी होती रे मला," त्या म्हणाल्या आणि फरशी पुसत राहिल्या.

आता नवा संगणक आलाय. मी माळ्यावर आहे, जुन्या कुंड्यांशेजारी. चिकटपट्ट्या सुटल्यात, मार्करची अक्षरं पुसट झालीत, फटींत अजून मखमलाबादची माती आहे. भंगारवाला येईल तेव्हा येईल, त्याची भीती नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाचं पत्र आलं आणि नुसती चिन्हं दिसली, तर लिहून थांबू नका, एकदा फोन उचला. त्या चिन्हांमागे कुणीतरी सकाळी पाणी घालून, हात पुसून, तुमच्या एकट्यासाठी बसलेलं असतं.

खाली गॅलरीत आता तीनच कुंड्या आहेत. महेश दर रविवारी येतो आणि त्यांना पाणी घालतो. मालनबाई त्याला काही विचारत नाहीत.