आधी वासराला

वासरू पोटभर प्यायल्याशिवाय गायीचं दूध माणसाने तोंडाला लावू नये, असा त्यांच्या पंथाचा नियम. गोठे तपासून नियम पाळल्याचा शिक्का मारायचं काम वडिलांकडे. लहानपणी ते लेकीला बोट धरून सोबत नेत, वासरांची पोटं चाचपायला शिकवत. त्या नादानेच ती पुढे गुरांची डॉक्टर झाली.

त्या सकाळी गावाबाहेरच्या मोठ्या गोठ्यातून फोन आला, गाय उठत नाही म्हणून. गायीला इंजेक्शन देऊन ती हात धुवायला मागे गेली. पत्र्याच्या शेडमध्ये सात वासरं होती. तोंडाला मुसकी, बरगड्या वर आलेल्या. दोन वासरांनी तर मान टाकलेली.

"यांना पाजता कधी?"

गोठेवाला हसला. "यांना पाजलं तर विकायचं काय, डॉक्टरबाई?"

"मग शिक्का?"

"तुमचे वडील बाहेरच खुर्ची टाकून बसतात. चहा होतो, शिक्का होतो. अकरा वर्षांत आत आलेले नाहीत."

दारावर कालच्या तारखेचा शिक्का होता. खाली वडिलांची सही. 

घरी वडील प्रार्थना आटोपून दुधाचा पेला उचलत होते. तिने सगळं सांगितलं.

"अगं, एवढ्या लोकांना पुरवायचं तर थोडी डोळेझाक करावी लागते. लोकांची श्रद्धा टिकली म्हणजे झालं."

"पोटं चाचपायला मला तुम्हीच शिकवलंत ना, बाबा?"

वडिलांनी पेला तोंडाला लावला. ओट्यापाशी आईचा हात थांबला.

आठवड्याच्या सभेत, त्याच गोठ्याचं दूध वाटण्याआधी, ती उभी राहिली आणि पाहिलेलं सगळं बोलली.  मग मागून आवाज आला, "बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडताना लाज नाही वाटत?"

वासरांचं कुणीच विचारलं नाही. रांग लागली. ज्यांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं, ते काका, त्या मावश्या, सगळे तिची नजर चुकवून प्यायले.

आई मात्र रांगेतून बाहेर आली. "किती जगली?"

"पाच."

"चल. मुसकी सोडू. अडवलं तर तिथेच बसू."

"अगं, लोक काय म्हणतील?" वडील कळवळून म्हणाले.

आईने चपला घातल्या. "लोक दूध पिताहेत. काही म्हणणार नाहीत."

दोघी निघाल्या. मागे पेले भरत होते.