विमलाबाईच्या मौनात दडलेली तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. कपडे वाळत घालायची नव्हे आणि विजेच्या खांबावरचीही नव्हे. दातांवर लावतात ती. डॉक्टर मला ब्रेसेस म्हणत. रायपूरच्या पुरानी बस्तीत मात्र सगळे नुसतं तार म्हणतात. दातागणिक चिकटवलेली एकेक चौकोनी कडी आणि त्या कड्यांतून ओवलेली बारीक तार, एवढाच माझा देह. आज मी एका जुन्या कुंकवाच्या करंड्यात पडून असते. करंडा उघडला की उजेड दिसतो. पण ज्या दिवसांत मी खरं काम करत होते, ते दिवस मी मिटल्या ओठांआड चोरासारखे काढले. मला गंज चढत नाही, पण तेव्हाची लाज अजून अंगावर आहे.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. रायपूरजवळ उरल्यात लोखंडाचे कारखाने आहेत, तिथं नव्हे. तिथं सळया होतात, आणि सळई दातावर बसवत नाहीत. मला घासूनपुसून इतकी गुळगुळीत केली की स्वतःचाच अभिमान वाटावा. पाकिटात बसून मी डॉक्टर पूर्णिमाच्या दवाखान्यात आले. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. रस्ते खणलेले, दुकानांच्या पाट्यांवर नव्या राज्याचं नाव ओलं. आधी तार लावायला लोक नागपूरला जात. आता नागपूरचीच डॉक्टरीण इथं येऊन बसली होती.

एक दिवस एक आजी आपल्या नातीला घेऊन आली. नात राधिका, आठवीतली. तिचे वरचे दात इतके पुढे आलेले की खालचा ओठ त्यांच्याखाली अडकून राही. आजी विमलाबाई. हिची जीभ साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रसिद्ध. हिच्या दाराशी आला की दूधवाला मापातलं दूध स्वतःहून वर भरून देई. पण एवढी तोंडाळ बाई बोलताना पदराचं टोक तोंडावर धरी. लहानपणी फोटोवाल्यानं "तोंड मिटून घे" म्हटलं होतं, तेव्हापासूनची सवय. तिच्या प्रत्येक लुगड्याचं ते एक टोक चुरगळलेलं, रंग उडालेलं असे.

"आता जबडा वाढतोय, हीच वेळ चांगली," डॉक्टर म्हणाली.

राधिकेनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. "मैं नहीं लगवाऊंगी. दर्द होगा."

"अवं, त्यात काय भ्यायचं?" पदराआडून विमलाबाई गरजली. "आमच्या काळी असतं तर मी हासत हासत लावलं असतं."

"तो अभी लगवा लो ना, आजी! आप लगवाओगी तो मैं भी लगवाऊंगी."

विमलाबाईनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणेल, म्हातारीला कशाला, आणि सुटका होईल, अशी तिची अटकळ.

"लावता येईल की," डॉक्टर म्हणाली. "वयाची काही आडकाठी नसते. हिरड्या आणि हाड धड हवं, ते आधी तपासू. पोरांपेक्षा वेळ जास्त लागेल. पण आजी, तो पदर काढा बघू. मला दिसू द्या."

पदर निघाला. समोरचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेले. कधीकाळी काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात शेजारचे दात कललेले. फटीत अन्न अडकून हिरड्या सुजलेल्या. ही बाई शेंगदाणे खलबत्त्यात कुटून खात असे, आणि घरात ते कोणाला ठाऊक नव्हतं. नातीपुढं बढाई मारून बसलेली, आता मागं कशी हटेल? आधी हिरड्या बऱ्या झाल्या, मग आषाढात एकाच दिवशी दोघींच्या दातांवर तार बसली. विमलाबाईच्या वाट्याला मी आले.

मला वाटलं, आता माझे मानाचे दिवस आले! कसलं काय. पायऱ्या उतरतानाच पदर परत वर आला, आणि या वेळी तोंडावर गच्च दाबला गेला.

विमलाबाई दुखण्याला भ्याली नाही. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या केल्या, गाल घासला तिथं मेण लावलं, मुगाच्या खिचडीवर दिवस काढले. ती भ्याली बायांना. पाऱ्यात कोणाच्या सुनेनं ओठाला लाली लावली तरी हीच पहिली बोलणार, "काय नखरे करून राहिली व!" आता स्वतःच्याच तोंडात चकचकणारा दागिना. बाया सोडतील?

मग तिला युक्ती सुचली. चातुर्मास लागत होता. कोणी कांदा-वांगं सोडतं, कोणी एकवेळ जेवतं. विमलाबाईनं सुनेकडून सगळ्यांना निरोप पाठवला, की यंदा सासूबाईंनी मौन धरलं आहे.

निरंजन, तिचा मुलगा, उरल्याच्या कारखान्यात होता. ऐकून तो घास हातात धरून हसत सुटला. "आई अन् मौन?" तिचे मालक बाबाराव रेल्वेतून रिटायर झालेले, ओसरीवर पेपर वाचत बसत. त्यांनी चष्मा वर केला. "चांगलं आहे. चातुर्मास सालभर करा."

घरात दार लावून ती बोले. दाराबाहेर पाऊल टाकलं की ओठ शिवलेले. आणि मित्रांनो, जे व्हायला नको होतं ते झालं. लोकांनी खरंच मानलं. जिच्या जिभेला सगळा पारा भ्यायचा ती जीभ हिनं देवाला वाहिली, केवढा त्याग! भजनी मंडळाच्या पद्मजाबाईंनी देवळात सगळ्यांदेखत तिला पुढं बसवलं. आरतीचं ताट आधी तिच्याकडे येऊ लागलं. शेजारची नवी सून रोज सकाळी येऊन तिच्या पायावर डोकं ठेवी आणि डोळे मिटून आशीर्वादाची वाट पाही. विमलाबाई तिच्या केसांवर हात ठेवी. तेव्हा ती ओठ इतके घट्ट मिटे की माझ्या कड्या आतून रुतत. मी दात सरळ करायला आले होते, आणि ढोंगाला टेकू देत बसले होते. तोंडातल्या तोंडात मेल्याहून मेल्यासारखी होई मी.

हे सगळं एक जण पाहत होतं. राधिका.

शाळेत तिला पोरं "लोहे की दुकान" म्हणत. ती घरी येऊन विचारी, "आजी, आप तो बोली थीं हंसते-हंसते लगवा लेती. फिर छुपाती काहे हो?"

"छुपाऊन नाही राहिली. वरत आहे माह्यं," विमलाबाई म्हणे. पण नातीकडे न पाहता.

राधिका मग हळूहळू तोंड मिटायला लागली. वर्गात हात वर करीना. दात घासायचा कंटाळा करू लागली. डॉक्टरनं दिलेला छोटा ब्रश कोरडाच राहायचा. तिच्या तारेची नि माझी गाठ फक्त जेवताना पडे, तीही दोघी दोन मिटल्या तोंडांत. पण मला कळत होतं. पोर तार नाही, तारेची लाज शिकत होती, आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघी होतो.

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या आल्या. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या. सायंकाळी हळदीकुंकवाला बैठक बायांनी भरली. विमलाबाई महालक्ष्म्यांशेजारी पाटावर, ओठ मिटून, जशी तीही एक मुखवटाच. राधिका फुटाण्यांची परात घेऊन फिरत होती. पद्मजाबाईंना फुटाणे देताना ती चुकून हसली.

"अगं बाई! काहून गं पोट्टी, तोंडात सळया?" पद्मजाबाईंचा आवाज भजनात तयार झालेला, ओसरीपर्यंत गेला. "बाप उरल्यात आहे म्हणून घरात कारखाना उघडला काय?"

बाया हसल्या.

"आजीकडून शिक काही. तिनं तोंड देवाला वाहिलं, तू लोहाराला वाहिलंस!"

पुन्हा हशा. राधिकेनं परात छातीशी धरली आणि आजीकडे पाहिलं. साऱ्या जगाला झोडपणारी आजी. एक शब्द पुरला असता.

विमलाबाईनं समईकडे पाहिलं. वात पुढं सारली.

मी आतून ओरडत होते मित्रांनो, पण तारेला कुठला आवाज! राधिका परात ठेवून आत निघून गेली. नव्या सुनेनं नेमकं तेव्हाच वाकून विमलाबाईच्या पायाला हात लावला. विमलाबाईनं पाय चटका बसल्यासारखे ओढून घेतले, आणि उठून पोरीमागं गेली.

मागच्या अंगणात, नळावरच्या आरशासमोर राधिका उभी होती. हातात निरंजनच्या पेटीतली पकड. एक कडी उपटून लोंबत होती. ओठ फाटून हनुवटीवर रक्ताचा ओघळ.

"सोड ते! दात तुटन ना!"

"टूटने दो." पोरीनं पकड सोडली नाही. "आपको शरम आती है ना? मेरे को भी आती है. आप मौन रख लो, मैं निकाल देती हूं."

मी विमलाबाईच्या तोंडात होते, म्हणून सांगते. त्या वेळी तिचा श्वास थांबला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची लाज काढलेली ती बाई, आज तिच्यापुढं तिचीच लाज पोरीच्या तोंडातून लोंबत होती. तिनं पकड काढून घेतली. पदराचं ते चुरगळलेलं टोक नळाखाली भिजवलं, पोरीची हनुवटी पुसली आणि तिचा हात धरून सरळ बैठकीत आली. पदर खांद्यावर टाकला.

"आयका व बायांनो," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून पद्मजाबाईंच्या हातातली वाटी कलंडली. "माह्यं मौनगिन काही नाही. माह्या तोंडात तार आहे."

आणि तिनं बोटानं ओठ वर केला. समयांचा सगळा उजेड माझ्यावर पडला. मी पहिल्यांदा लोकांत चमकले, आणि मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"लाज वाटे म्हणून तोंड बंद केलं, आन् देवाचं नाव पुढं केलं. तुम्ही पायावर डोकं ठेवलं, मी ठेवू देलं. या पोट्टीले बोलल्या तुम्ही, तरी मी चूप राहिली."

पद्मजाबाईंनी कलंडलेली वाटी सावरली. मग म्हणाल्या, "पण विमलाबाई, या वयात? आता दात कोणाला दाखवायचे आहेत?"

"तुले दाखवून राहिली ना, पाह्यून घे नीट!" जुनी विमलाबाई परत आली, पण डोळे भरलेले. "भाकर तोडता येत नव्हती मले. शेंगदाणे कुटून खाल्ले मी, इतकी वर्षं. हिरड्यातून रक्त ये. दात काय नुसते नवरदेवाले दाखवायले असते? आन् या पोरीचा ओठ मिटत नव्हता. तो मिटावा म्हणून हे केलं. पोट्टी धीराची आहे. भित्री मी."

राधिका आजीच्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "आजी, खून फिर आ रहा है." तेव्हा नवी सूनच उठली आणि पाणी आणायला धावली.

गोष्ट इथं गोड झाली असं समजू नका. पुष्कळ दिवस पाऱ्यात तिला "मौनीबाई" म्हणून हसले. नवी सून यायची, पण पायावर डोकं ठेवायची नाही. विमलाबाईला ते लागे, आणि बरंही वाटे. देवळात ती आपणहून रांगेच्या शेवटी उभी राही. पद्मजाबाई एकदा म्हणाल्या, "हव, पुढं या ना आता." ही गेली नाही.

डॉक्टर पूर्णिमानं कडी परत बसवली. दात वाचला, पण रागावली. "पकडीनं दाताचं वरचं कवच गेलं असतं, मग मी काय केलं असतं? खुपलं, सुटलं, तर माझ्याकडे यायचं." तेव्हापासून आजी नि नात नळावर शेजारी शेजारी उभ्या राहून दात घासत. फुटाणे, ऊस, मुरमुऱ्याचे लाडू, चिकट चॉकलेट, सगळं बंद. दर महिन्याला दोघी सायकलरिक्षात बसून दवाखान्यात जात, आणि वाटेत विमलाबाई मोठ्यानं बोले, तोंड उघडं टाकून, खणलेल्या रस्त्यांना शिव्या देत.

राधिकेची तार आधी निघाली. तिचा ओठ आता सहज मिटतो, म्हणून ती सारखी हसत तो उघडा ठेवते. माझं काम सावकाश चाललं. जुनी हाडं आपल्या वेगानं हलतात. पण दात आले जागेवर. मी निघाले त्या दिवशी विमलाबाईनं घरी जाऊन एक शेंगदाणा तोंडात टाकला, अख्खा, आणि कितीतरी वेळ चावत बसली. बाबारावांनी पेपर खाली ठेवून तो आवाज ऐकला.

आता तिच्या तोंडात रोज झोपताना माझी धाकटी बहीण असते, प्लेट. ती लावली नाही तर दात परत आपल्या जुन्या जागी चालू लागतात. मला करंड्यात जागा मिळाली. पाऱ्यातली पोरं, कधी त्यांच्या आयाही, तार लावायला भ्याल्या की इथं येतात. विमलाबाई करंडा उघडते. "पाह्य, हे माह्या तोंडात होतं." मग ती सगळं सांगते. मौनाचंही सांगते, ते कधी गाळत नाही. तेवढा भाग सांगताना तिचा आवाज अजून खाली जातो, आणि मी करंड्याच्या कडेला सरकते.

मित्रांनो, तुमच्या तोंडात माझी एखादी बहीण असेल तर तिला घासूनपुसून ठेवा, कडक खाऊन तोडू नका, डॉक्टरकडे वेळेवर जा. तुमच्या घरच्या मोठ्यांचे दात दुखत असतील तर त्यांनाही घेऊन जा. वय विचारून कोणी परत पाठवत नाही. आणि आम्हाला लपवू नका. तुम्ही लपवता ते तुमच्या मागचं लहान पोर बघत असतं.

विमलाबाईनं दिवाळीला नवं लुगडं घेतलं. वर्ष होत आलं. त्याच्या पदराचं टोक अजून कोऱ्यासारखं आहे.