रस्ता उजवीकडून डावीकडे गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सायक्लोस्टाईल आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलंही नसेल. मला वीज लागत नाही, बटण लागत नाही. माझ्या पोटात पत्र्याचं एक गोल पिंप आहे, त्यात शाई भरतात. पिंपावर मेणकागद ताणून बसवतात. त्या मेणावर टोकदार लेखणीने जिथे ओरखडा काढला असेल, तिथून शाई झिरपते. माझी मूठ एकदा फिरवली की एक कागद छापून बाहेर पडतो. दोनदा फिरवली की दोन. हिशेब एवढा सरळ आहे.

पॅसिफिक महासागरातला सामोआ देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी बोटीने तिथल्या सवाईई बेटावर उतरलो. खोबऱ्याची पोती घ्यायला आलेल्या बोटीतून मला लाकडी खोक्यात घालून आणलं होतं. माझा मुक्काम गावातल्या मिशनच्या शाळेत पडला. शनिवारी रात्रीपर्यंत मी रविवारची स्तोत्रं छापायचो, परीक्षा आली की प्रश्नपत्रिका. मोठं चक्रीवादळ शाळेचं छप्पर घेऊन गेलं, तेव्हा मला चटयांत गुंडाळून टेबलाखाली ढकललं होतं. तिसऱ्या दिवशी, कोणत्या गावात प्यायचं पाणी शिल्लक आहे, त्याची यादी मीच छापली. महिला मंडळाने त्या दिवशी माझ्या मुठीला फुलांची माळ बांधली. ती सुकून गळून पडली तरी कुणी काढली नाही.

फुआतिनोबाई त्याच शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवायच्या. बांधा किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दोन पाहुण्या मुली पोहण्याच्या कपड्यांत गावातून चालत गेल्या. गावचे प्रमुख भडकले. मुली रडकुंडीला आल्या. त्या रात्री बाई नवऱ्याला म्हणाल्या, "त्या पोरींचं काय चुकलं? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मेणकागद घेतला आणि वर लिहिलं, 'सामोआत येणाऱ्यांसाठी'.

त्या पत्रकात सगळं होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की जिथे असाल तिथे बसा. प्रत्येक किनारा कुणाच्या तरी घरचा आहे, पोहण्याआधी विचारा. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. खडकातून समुद्राचं पाणी उसळतं, तिथे जवळ जाऊन फोटो काढू नका. आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवा. बेटावरच्या सात अतिथिगृहांच्या भिंतींवर ते पत्रक लागलं. पाहुणे ते घडी घालून खिशात ठेवू लागले. मित्रांनो, मला त्याचा फार अभिमान होता.

मग सालेलोलोगाच्या बंदरावर एका दुकानात झेरॉक्सचं यंत्र आलं. माझी मूठ थांबली. मला चर्चच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे फाटक्या चटया होत्या, एक मुकी झालेली बाजाची पेटी होती. माझ्या पिंपात पालीने अंडी घातली. कागद आत ओढणारा माझा रबरी रूळ कडक होऊन चकाकू लागला. सोळा वर्षं मी तसाच पडून होतो. बाईंचं पत्रक आता दुकानातून छापून येत होतं. अक्षर त्यांचंच, पण काम माझं नव्हतं.

२००९ साली सरकारने ठरवलं, की आजवर उजवीकडून धावणाऱ्या गाड्या यापुढे डावीकडून धावतील. मुहूर्त ठरला सात सप्टेंबर, सोमवार, सकाळी सहा. सगळीकडे नुसते वाद. बसवाला मासोए तर रोज चर्चच्या पायरीवर बसून कडाकडा बोटं मोडायचा. "अहो, माझ्या बसचं दार उजवीकडे! आता माणसं काय भर रस्त्यात उतरवू? कोंबड्या आहेत का त्या, उडून पलीकडे जायला?"

बाईंनी नवं पत्रक दोन आठवडे आधीच लिहून दुकानात दिलं होतं. शनिवारी दुपारी त्या आणायला गेल्या, तेव्हा झेरॉक्स उघडून ठेवलेलं होतं. एक भाग मोडला होता आणि नवा बुधवारी बोटीने यायचा होता.

रविवारी चर्च झालं. जमिनीखालच्या भट्टीत भाजलेला तारोचा कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेली त्याची पानं खाऊन गाव आडवं झालं. तेव्हा बाई माझ्या खोलीत आल्या. हातात खोबरेल तेलाचा डबा. मागोमाग चर्चचे पाळक एनेलिको आणि त्यांची बायको लूपे.

"फुआतिनो, आज रविवार आहे, हे मी तुला सांगायचं?" पाळक म्हणाले.

"शब्बाथाला, विसाव्याच्या दिवशी, बैल विहिरीत पडला तर काढायचा की सोमवारची वाट बघायची? गेल्या महिन्यात प्रवचनात तुम्हीच सांगितलंत."

"पडला तर काढायचा. इथे अजून कोण पडलंय?"

"उद्या सहाला पडेल," बाई म्हणाल्या. "आणि ढकलणारी मी असेन. सात भिंतींवर माझ्या अक्षरात लिहिलंय, उजवीकडून चालवा."

"लोक रेडिओ ऐकतात."

"आपले लोक ऐकतात. पाहुण्यांना सामोअन येतं का?"

लूपे अंगाने भरभक्कम आणि बोलायला मोकळी. ती म्हणाली, "अहो, याच यंत्रावर रविवारी सकाळी राहिलेली स्तोत्रं छापत होतात ना तुम्ही?"

"ती स्तोत्रं होती."

"मग हिनेही देवाच्या नावाने सुरुवात करावी. झालं तर!"

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रवाशांसाठी प्रार्थना," ते शेवटी म्हणाले. "वरती, मोठ्या अक्षरांत. खाली तुला काय लिहायचं ते लिही. मला खालचं दिसणार नाही, माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

पत्र्याच्या पेटीत तीन मेणकागद निघाले. उकाड्याने दोन एकमेकांना चिकटले होते, सोडवताना फाटले. उरला एक. बाईंनी तो काचेवर पसरला आणि विणकामाच्या सुईने लिहायला घेतलं. हात जरा जास्त दाबला असता तर कागद फाटला असता, आणि दुसरा नव्हता. लूपे श्वास रोखून उभी होती. शेवटची ओळ संपली तेव्हा ती इतक्या जोरात हुश्श म्हणाली, की बाई दचकल्या. सुई तेव्हा कागदावर नव्हती, हे नशीब.

माझी शाई दगडासारखी झाली होती. ती खोबरेल तेलात घोटली. रूळ घसरत होता, त्याला चर्चच्या पायरीवरून उठवून आणलेल्या मासोएने जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. कागदासाठी शाळेतल्या कोऱ्या उत्तरपत्रिका आल्या.

"जुनी पत्रकं आणून त्यांच्या मागे छापा की," मासोए म्हणाला. "कागद वाचेल."

"एका बाजूला उजवीकडे, दुसऱ्या बाजूला डावीकडे?" बाईंनी विचारलं. "मग पाहुणा मधून चालवेल!"

पहिले दहा कागद नुसते काळे आले. सोळा वर्षांची धूळ पोटात होती, मी काय करणार? पण बाईंनी मूठ सोडली नाही. अकराव्या कागदावर अक्षरं उमटली. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते मी सांगू शकणार नाही. एवढंच सांगतो, की त्यानंतर मी एकही कागद अडकवला नाही.

तीन वाजेपर्यंत चाळीसच पत्रकं झाली होती. बेटाला वळसा घालायचा तर निघायलाच हवं होतं.

"रविवारी बस काढली तर गावचं मंडळ मला डुकराचा दंड ठोकेल," मासोए कुरकुरला.

"बस म्हणू नकोस," लूपे म्हणाली. "आज ती चर्चची गाडी आहे. आणि हे यंत्र पण गाडीत घ्या. उरलेली वाटेत छापू."

आमच्या बसमध्ये जागा नसली की माणूस माणसाच्या मांडीवर बसतो. त्या दिवशी बस रिकामी होती, तरी धक्के लागू नयेत म्हणून मी लूपेच्या मांडीवर बसलो. "बाई गं, हा तर आमच्या ह्यांच्यापेक्षा जड!" ती म्हणाली, पण तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. उत्तरेच्या रस्त्याने आम्ही निघालो. बस थांबली की बाई मूठ फिरवायच्या. एका गावात शंख वाजला. रस्त्याच्या दोन्ही कडांना गावचे पुरुष पहाऱ्याला ओळीने उभे राहिले. मासोएने इंजिन बंद केलं. बाईंचा हात अर्ध्या फेरीवर थांबला आणि प्रार्थना संपेपर्यंत अर्धा कागद माझ्या तोंडात राहिला.

मानासे गावच्या अतिथिगृहात बाईंनी जुनं पत्रक भिंतीवरून स्वतः ओढून काढलं. एका तरुण पाहुण्याने नवं पत्रक वाचलं. वरची प्रार्थना वाचून तो आधी 'आमेन' म्हणाला आणि मग घाबरून त्याने खालचं पुन्हा वाचलं. "जुना कागद मला आठवण म्हणून द्या ना," त्याने मागितला.

"दुसरं काहीही माग," बाई म्हणाल्या. त्यांनी तो कागद तिथल्याच चुलीत घातला आणि पूर्ण जळेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

रात्रीपर्यंत सहा ठिकाणं झाली. उरलं फक्त फालेआलुपो, बेटाचं पश्चिम टोक. तिथे फोन लागत नव्हता. आम्ही आसाऊ गावात लूपेच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि सोमवारी पहाटे पुन्हा निघालो.

सहाला दहा मिनिटं असताना रेडिओवर सगळ्या गाड्या थांबवायची सूचना झाली. मासोएने बस थांबवली, सावकाश रस्ता ओलांडून डाव्या कडेला नेली आणि सहा वाजायची वाट पाहत बसला. "तीस वर्षं या रस्त्यावर डोळे मिटून चालवली," तो म्हणाला. "आज उघडे ठेवूनही वाट सापडत नाही."

सहा वाजले. आम्ही निघालो. उजाडत होतं. एका वळणावर समोरून एक छोटी पांढरी गाडी आली. आमच्याच बाजूने. सरळ आमच्यावर.

मासोएचा हात सवयीने उजवीकडे वळू लागला. "वळू नकोस!" बाई ओरडल्या. "तोही वळेल! थांब, नुसता थांब!" मासोएने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. समोरची गाडी करकरत घसरत आली आणि बसच्या नाकापासून दोन हातांवर थांबली.

मी लूपेच्या मांडीवरून खाली आदळलो. माझा एक पाय मोडला. लूपेच्या पांढऱ्या झग्यावर माझी सगळी शाई सांडली. ती मात्र आधी मलाच चाचपत होती.

बाई उतरल्या. दार उघडलं ते रस्त्याच्या मधोमध. गाडीत जर्मनीहून आलेलं एक वयस्कर जोडपं होतं. त्यातल्या बायकोच्या हातात घडी पडलेला एक कागद होता. ती तो हलवत ओरडली, "इथे लिहिलंय! उजवीकडे! हे बघा!"

"हो," फुआतिनोबाई म्हणाल्या. "ते मी लिहिलंय. आज सकाळी सहापासून ते चूक आहे. माझी चूक. मला क्षमा करा."

नवरा पांढराफटक पडला होता. "त्या आजी," तो हळूच म्हणाला, "फालेआलुपोला ज्यांच्याकडे आम्ही राहिलो. आम्ही निघताना त्या पुन्हा पुन्हा हात हलवत होत्या, डावीकडे. आम्हाला वाटलं, निरोप देतायत."

"तिथली मालकीण बरोबर सांगत होती. पण तिचा हात आणि माझा कागद यांत तुम्ही कागद खरा मानला," बाई म्हणाल्या. "माणसं छापलेलंच खरं मानतात."

त्यांनी नवं पत्रक दिलं, जुनं परत घेतलं. गाडी स्वतः सांगून डावीकडे घ्यायला लावली. त्या दोघांना अजून धीर येत नव्हता, म्हणून बाई गाडीच्या पुढे चालू लागल्या. डाव्या कडेने, पाठ ताठ. पुढच्या गावापर्यंत त्या चालल्या आणि गाडी मुंगीच्या पावलांनी त्यांच्या मागे. मग बस त्यांना घ्यायला आली. तिथून घरी जाता आलं असतं. पण बाई म्हणाल्या, "फालेआलुपोच्या भिंतीवर अजून एक आहे." आम्ही तो काढून आणला, तेव्हाच परत फिरलो.

गावच्या मंडळाने मासोएला डुकराचा दंड केला नाही. पाळकांनी माझ्यासाठी फणसाच्या लाकडाचा नवा पाय कोरला. चार महिन्यांनी जर्मनीहून एक पार्सल आलं. त्यात मेणकागदांचं आख्खं खोकं होतं. त्या जोडप्याने आपल्या गावातल्या बंद पडलेल्या दुकानातून ते शोधून काढलं होतं.

दोन वर्षांनी सरकारने आणखी एक गोष्ट हलवली. या वेळी दिवस. शेजारच्या देशांशी वार जुळावा म्हणून २०११च्या डिसेंबरातला एक शुक्रवार आमच्या देशाने वगळला. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. तरी त्या आल्या, सुई घेऊन बसल्या आणि लिहिलं, 'पाहुण्यांनो, या आठवड्यात शुक्रवार येणार नाही. गुरुवारी झोपा, शनिवारी उठा. परतीच्या विमानाची तारीख आजच पुन्हा पाहा.' मूठ त्या वेळी पाळकांनी फिरवली. दोनशे कागद, एका दमात. मग खांदा चोळत ते म्हणाले, "शुक्रवार गेला, पण दुखणं शनिवारी येणारच!"

आता माझ्याकडे चार मेणकागद उरले आहेत. ते संपले की माझं काम संपेल. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, मला तेल घाला किंवा घालू नका, पण एक करा. तुमच्या दारावर, शाळेत, बसथांब्यावर परक्या माणसासाठी लावलेला एखादा कागद असेल. तो आज जाऊन वाचा. कुणीतरी त्या कागदावर विश्वास ठेवून रस्त्यावर उतरणार आहे. तो चूक ठरला असेल तर काढा आणि नवा लावा. रविवार असला तरी.