आधी धाकट्यांनी बोलायचं

डेल्फिया रॅटलिफने दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासले आणि ते गरम झाल्यावरच म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. तिच्यामागे दारात सात डॉक्टर खोळंबले होते.

त्वचारोग विभागात गुरुवारची सकाळ अशीच जायची. उपचारांना न जुमानणारे चार-पाच पेशंट वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचे. सगळ्यांनी रांगेने जाऊन प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं पाहायचं, पेशंटसमोर रोगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि मग वरच्या मजल्यावर बसून चर्चा करायची. बहुतेकजण दोन पावलांवरूनच पाहत, फार तर भिंग लावत. डेल्फियाला आत जाऊन पाच मिनिटं होऊन गेली होती.

"मालिश चाललंय का आत?" गॅरेट कुजबुजला. तो तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. "हाडं मोडणाऱ्यांच्या कॉलेजातली ना ती."

विभागप्रमुख डॉ. अँसेल्म लिंडक्विस्ट व्हरांड्याच्या टोकाला उभे होते. त्यांनी ते ऐकलं, पण ते हसले नाहीत.

डेल्फिया इतरांसारखीच पूर्ण डॉक्टर होणार होती. केंटकीच्या डोंगरातल्या तिच्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजात बाकी सगळ्या अभ्यासाच्या जोडीला हाडं-स्नायू हातांनी चाचपायलाही शिकवत, एवढाच फरक. पण डॉक्टर झाल्यावर त्वचारोगाच्या पुढच्या शिक्षणाच्या जागा देशभरात मोजक्या, त्यासाठी धडपडणारे ढीगभर, आणि ओहायोतल्या या विभागात तसल्या कॉलेजातल्या एकालाही आजवर जागा मिळालेली नव्हती. चार आठवडे इथे काम करून स्वतःला दाखवायला ती आली होती. आजचा गुरुवार शेवटचा.

पहिल्याच दिवशी तिने लिंडक्विस्टांना विचारलं होतं, "सर, काम पटलं तर शिफारसपत्र द्याल?"

"बाहेरून येणाऱ्यांपैकी वर्षाला एकालाच देतो. आधीच सांगून ठेवतो. आणि या महिन्यात कॉनराडही आलाय."

"चालेल सर. तुम्ही बघा तर खरं."

कॉनराड एका मोठ्या विद्यापीठातला, हुशार आणि स्वभावानेही चांगला मुलगा होता. त्याला पत्र मिळालं नसतं तरी चार दारं उघडी होती. डेल्फियाचा अर्ज त्या पत्राशिवाय बहुतेक ठिकाणी कोणी उघडूनही पाहिला नसता. हे तिला ठाऊक होतं आणि लिंडक्विस्टांनाही.

पस्तीस वर्षं मुलांना शिकवून लिंडक्विस्टांना एक सवय लागली होती. विद्यार्थी काय उत्तर देतो याआधी तो पेशंटकडे कसा पाहतो, हे ते पाहत. डेल्फियाला त्यांनी दुसऱ्या आठवड्यात एकदा दारातून पाहिलं होतं. अंगभर खरूज उठलेली पाच वर्षांची एक पोर मलम लावू देईना. डेल्फिया जमिनीवर बसली, बाही वर केली आणि म्हणाली, "आधी तू मला लाव बघू. नीट लाव हं, मी रडकी आहे." पोरीने तिचा हात कोपरापर्यंत माखला आणि मग आपला पुढे केला. गॅरेटने तिला विचारलं होतं, तुम्हाला पाठी मोडायला शिकवतात म्हणे? तेव्हा ती म्हणाली होती, "हो ना. तुझी कुठून सुरू करू?" हेही त्यांच्या कानावर आलं होतं.

पण गोड स्वभावाची मुलं दर महिन्याला येत. पत्र एकच होतं.

वरच्या मजल्यावर सगळे बसले. प्रत्येकासमोर छापील कागद होता. त्यावर पेशंटची माहिती असे, उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव मात्र नसे. धाकट्यांनी आधी बोलायचं आणि कोणाचंही तोंड न बघता बोलायचं, म्हणून लिंडक्विस्टांनीच ही पद्धत पाडली होती.

तिसऱ्या खोलीतला पेशंट. वय सहासष्ट, शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. अकरा महिन्यांपासून दोन्ही हातांची आणि पोटऱ्यांची कातडी आवळून घट्ट झालेली. बायॉप्सीत कातडी कडक होण्याचा रोग. दहा महिने आठवड्यातून तीनदा प्रकाशाचे उपचार. फरक नाही.

आधी कॉनराड बोलला. रोगाचं नाव बरोबर वाटतं, उपचार थोडे वाढवून पाहावेत, असं त्याने नीटनेटकं सांगितलं. दोन-तीन माना हलल्या.

"डेल्फिया?"

ती उभी राहिली. उभं राहायची इथे पद्धत नव्हती.

"सर, मला रोग कातडीत वाटत नाही. कातडीच्या खाली वाटतो."

"कशावरून?"

"वरची कातडी बोटांच्या चिमटीत जराशी येते. तिच्याखाली मात्र सगळं लाकूड आहे. मी त्यांना हात वर धरायला सांगितला. शिरा फुगायच्याऐवजी आत गेल्या, नांगराच्या तासासारखी रेघ पडली. बोटं आणि चेहरा मऊ आहे. हे सगळं सुरू व्हायच्या आधी अंगणात पडलेलं झाड त्यांनी दोन दिवसांत एकट्याने फोडलं होतं. स्नायूवरचं आवरण सुजून आवळलंय, असं मला वाटतं."

खोलीत कोणीतरी पेनचं टोपण लावलं. गॅरेट टेबलाकडे बघत होता. पेशंट कोणाचा ते वरच्या वर्षांच्या सगळ्यांना माहीत होतं.

"मग बायॉप्सी चुकीची?" लिंडक्विस्टांनी विचारलं.

"चुकीची नाही सर. उथळ. तुकडा वरच्या थरातून घेतलाय. खालपर्यंत जायला हवं होतं."

"आणि प्रकाशाचे उपचार?"

"प्रकाश तिथवर पोचतच नाही, सर. त्या दहा महिन्यांचा त्यांना काही उपयोग झाला नसेल. सूज उतरवायच्या गोळ्या लगेच सुरू केल्या तर हात अजून सुटतील. आणखी थांबलो तर तसेच राहतील."

लिंडक्विस्टांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"पेशंट माझा आहे," ते म्हणाले.

डेल्फियाचे कान लाल झाले. ती खाली बसली, पण बोललेल्यातलं काही तिने मागे घेतलं नाही.

चर्चा पुढे सरकली. जिन्यात गॅरेट तिला गाठून म्हणाला, "अगं, आधी विचारायचंस तरी मला! चार आठवडे घासलीस आणि शेवटच्या दिवशी साहेबांनाच धुतलंस."

"बायॉप्सी आजच करतील का रे?" तिने विचारलं.

लिंडक्विस्ट आपल्या खोलीत जाऊन जुने रिपोर्ट चाळत बसले. अकरा महिन्यांपूर्वीच्या रक्ततपासणीत एका जातीच्या पेशी, डेल्फिया म्हणाली त्याच रोगात वाढतात त्या, तिपटीने वाढलेल्या होत्या. त्या आकड्यापुढे त्यांच्याच हातची बरोबरची खूण होती. बराच वेळ ते त्या खुणेकडे बघत राहिले.

मुलगी बरोबर होती. हात तयार होते तिचे, यात शंका नाही. पण ती अजाणता बोलली, असंच त्यांना वाटत होतं. पेशंट विभागप्रमुखांचा आहे हे कळलं असतं तर तीही चार शब्द चावून बोलली असती. कोणीही बोललं असतं. त्यांच्या गुरूंसमोर, तरुणपणी, ते स्वतः तसेच शब्द चावून बोलले होते.

दुपारी त्यांनी पेशंटला पुन्हा बोलावलं. म्हाताऱ्याचं नाव व्हर्नन कुझ्मा. कातडी बधिर करून लिंडक्विस्टांनी या वेळी खोल, थेट स्नायूच्या आवरणापर्यंत छेद घेतला. पांढरंशुभ्र असायला हवं ते आवरण जाड आणि पिवळट होतं. प्रयोगशाळेचं उत्तर यायला चार दिवस लागणार होते, पण त्यांना ते आत्ताच दिसलं.

"मिस्टर कुझ्मा, मला तुमची माफी मागायची आहे. दहा महिने मी तुम्हाला उगीच त्या दिव्यांखाली उभं केलं."

"जाऊ द्या हो डॉक्टर. हिवाळ्यात बरं वाटायचं तिथे. बायको म्हणायची, फ्लोरिडाला जाऊन आलात वाटतं."

लिंडक्विस्ट टाके घालू लागले.

"ती पोरगी कुठेय?" कुझ्मांनी विचारलं. "ती सकाळची, गरम हातांची. तिला सांगा, गोळ्या लागू पडल्या तर तिला गाडीतून चक्कर मारून आणीन."

"सांगतो."

"भली आहे. मला म्हणाली, काका, तुम्हाला कोण बघतं? म्हटलं, लिंडक्विस्ट, इथले सगळ्यात मोठे."

सुई थांबली.

"हे कधी विचारलं तिने?"

"सकाळीच की. हात हातात होता माझा. ऐकलं आणि गप्पच झाली बिचारी. हात काही सोडेना. मला वाटलं, काही चुकलं का माझं? मग विचारलंन, सकाळी शर्टाची बटणं लावता येतात का? म्हटलं, नाही गं पोरी, बायको लावते. तर म्हणाली, 'ठीक आहे.'" कुझ्मा जरा हसले. "मला म्हणाली का स्वतःला, कोण जाणे."

लिंडक्विस्टांनी उरलेले तीन टाके घातले. हात नेहमीसारखाच स्थिर होता, पण वेळ दुप्पट लागला.

चार वाजता डेल्फिया ओळखपत्र परत करायला आली. खांद्यावर पिशवी होती. पाच तास गाडी चालवत तिला घरी जायचं होतं.

"निघते सर. सकाळी मी जरा तोडून बोलले असेन."

"आवरण जाड निघालं," ते म्हणाले. "गोळ्या आजपासून सुरू केल्या."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. पत्राचं तिने विचारलं नाही. तिची नजर एकदा टेबलावरच्या कागदांवरून फिरली, एवढंच.

"घाटात गाडी सावकाश चालव."

"हो सर."

ती गेल्यावर ते लिहायला बसले. असलं पत्र ज्याच्यासाठी लिहितात त्याला ते कधी वाचायला मिळत नाही, तसा नियमच आहे. तासाभराने त्यांनी ते टंकायला बर्नडीनकडे दिलं. तिने त्यांच्याकडे वीस वर्षं काम केलं होतं आणि त्यांची पत्रं ती टंकतानाच वाचत असे. अर्ध्यावर तिची बोटं थांबली.

"डॉक्टर, हे वाक्य असंच ठेवायचंय? 'दहा महिने चुकलेलं निदान माझं होतं, आणि ते माझं आहे हे ठाऊक असूनही तिने सांगितलं.' हे पत्र साठ विभागांत जाईल. सगळीकडे तुम्हाला ओळखतात."

"म्हणून तर वाचतील."

बर्नडीनने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने ते वाक्य टंकलं, एकही शब्द न गाळता.

"आणि आपल्या निवड समितीची प्रत? फाइलला लावू?"

"ती माझ्याकडे दे," लिंडक्विस्ट म्हणाले. "ती मी वाचून दाखवणार आहे. उभा राहून."