वगळलेल्या चौदा जणी

प्रयोगशाळेत तिला सगळे कांजीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. ते तिच्या कानावर होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. तिच्या आईने बावीस वर्षं लॉन्ड्री चालवली. लेक मक्याच्या पिठाची कांजी ढवळतच मोठी झाली, आणि दोन-दोन पदव्या घेऊनही तिचे हात शेवटी त्याच पिठात राहिले. आईची कांजी शर्टाची कॉलर ताठ करायची. लेकीला माणसांची हाडं ताठ करायची होती.

काम असं होतं: मक्याच्या स्टार्चचे इतके बारीक कण करायचे, की एका केसाच्या जाडीत हजारभर कण ओळीने बसावेत. मग त्या कणांच्या पोटात ड जीवनसत्त्व भरायचं. ते जात्याच तेलाशी सलगी करणारं, पाण्याशी त्याचं हाडवैर. नुसतं गिळलं तर बरंचसं अंगी न लागताच निघून जातं. स्टार्चच्या कणात दडवलं, तर आतड्यापर्यंत सुखरूप पोचतं. तिथे स्टार्च पचतो आणि आतला ऐवज मोकळा होतो. या एका गोष्टीवर तिने सहा वर्षं घातली होती.

शेवटची चाचणी एका कपडे शिवण्याच्या कारखान्यातल्या चाळीस बायकांवर झाली. सकाळी ऊन चढायच्या आत कामावर यायचं आणि ते उतरल्यावर बाहेर पडायचं, मध्ये दिवसभर ट्यूबलाइट. अशा बायकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व नावालाच असतं. तीन महिने रोज एक पुडी दिली. आधी आणि नंतर रक्त तपासलं. सव्वीस जणींचं प्रमाण झकास वाढलं. चौदा जणींचं जागचं हललं नाही.

"त्या चौदा वगळा," संचालक म्हणाले. सगळे त्यांना सर म्हणत.

"वगळा म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी पुड्या घेतल्याच नाहीत. दिल्या असतील फेकून. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कुणाला असते? 'सूचना न पाळल्यामुळे वगळण्यात आले' असं लिहा आणि खाली सही करा. सोमवारी कंपनीची माणसं येतायत."

रक्ताची सगळी मोजमापं तिने केली होती, म्हणून तिच्या सहीशिवाय अहवाल पुढे सरकणार नव्हता.

"आधी त्यांना विचारून येते, सर."

"कशाला? त्या खोटंच सांगणार."

"मग खोटं ऐकून येते," ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्यात पोचली. वरच्या मजल्यावर काजमावशी भेटली. तेवीस वर्षं काजं करत आलेली, म्हणून तिचं ते नाव. तर्जनी सुईच्या टोकांनी खडबडीत झालेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या चौदा जणींत ती होती.

"मावशी, राग मानू नका, पण पुड्या रोज घेत होतात ना? आमच्याकडे म्हणतात, तुम्ही फेकल्या."

काजमावशीने हातातला डबा खाली ठेवला. मशीनच्या खणातून एक लांबलचक माळ काढली. रिकाम्या पुड्या, एकीला एक टाचलेल्या.

"मोज. नव्वद आहेत. तुमची नर्स म्हणाली होती, रिकाम्या परत द्यायच्या. न्यायला कुणी फिरकलं का? फेकल्या म्हणे! कोण म्हणतं, त्याला आण माझ्यासमोर."

बाकीच्या बायका भोवती जमल्या. प्रत्येकीला काहीतरी सुनावायचं होतं. कांजीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "कशात घालून घेत होतात?"

"चहात. दुसरं काय आहे इथे? या मजल्यावरचं थंड पाण्याचं मशीन कधीचं बंद पडलंय. खाली जाऊन पाणी आणायचं तर सुट्टी जिन्यातच संपते. पुडीवरच लिहिलंय, 'पेयात मिसळून घ्यावे'. आता चहा पेय नाही, असं म्हणू नकोस."

"चहा कसा लागायचा?"

"दाट व्हायचा गं. तळाला चिकट थर बसायचा. बोटाने खरवडला तरी निघत नसे."

कांजीबाईने एक रिकामी पुडी उलटून पाहिली. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं आईचं वाक्य तिला आठवलं: पीठ आधी गार पाण्यात कालव, एकदा उकळतं लागलं की पिठाचं पुन्हा पीठ होत नाही. कण उकळत्या चहात फुगून फुटत होते, पोटातलं सोडून देत होते, आणि तो ऐवज कपालाच चिकटून राहत होता. चौदाही जणी वरच्या मजल्यावरच्या होत्या. सव्वीस जणी खालच्या, जिथे थंड पाण्याचा नळ होता.

आणखी एक गोष्ट तिला आठवली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पुडीवरचा मजकूर तिने लिहिला होता, "गार पाण्यात मिसळून घ्यावे". सरांनी तो खोडून "पेयात" केलं होतं. लोकांना मोकळीक हवी, त्याशिवाय माल खपत नाही, असं म्हणाले होते.

तिने जवळच्या पुड्या काढल्या, मावशीकडून नेहमीसारखे दहा कप करून घेतले. बायकांनी ते पिऊन टाकले. तळाच्या थरासकट कप तिने झाकून प्रयोगशाळेत नेले. दोन दिवस तपासणी केली. सूक्ष्मदर्शकाखाली एकही कण धड नव्हता, आणि बहुतेक जीवनसत्त्व त्या थरात सापडलं.

सरांनी आकडे पाहिले. "छान! म्हणजे चुकीच्या पद्धतीने घेतलं. वगळायला आता सबळ कारण मिळालं."

"आपण सांगितलं तसंच घेतलं, सर. आपली चूक त्यांच्या माथी का मारायची? उद्या बाजारात आलं की लोक चहातच टाकणार. त्यांनाही वगळणार?"

"तुमची नेमणूक दरवर्षी माझ्या सहीने वाढते. एवढं लक्षात ठेवा."

"ती सही तुमची आहे, सर. ही माझी आहे."

घरी आईला तिने सगळं सांगितलं. आई इस्त्री करत होती. आता दुकान नव्हतं, तरी लेकीचे कपडे ती कुणाला करू देत नसे. तिने ऐकलं, कॉलर उलटून पुन्हा दाबली.

"नोकरी जाईल?"

"जाईल बहुतेक."

"मग सोमवारी हा निळा शर्ट घाल," आई म्हणाली. "पडेल चेहऱ्याने जायचं नाही. चूक त्यांची आहे."

सोमवारी कंपनीची तीन माणसं आली. माणसांवरच्या चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीच्या अध्यक्षा, एक निवृत्त डॉक्टरीण, त्याही होत्या. सरांनी सव्वीस रेघांचा आलेख दाखवला. टाळ्या पडायच्या आत कांजीबाई उभी राहिली आणि चाळीस रेघांचा आलेख पडद्यावर लावला. चौदा रेघा तळाशी आडव्या.

"हे राहिलं होतं," ती म्हणाली.

"बाई, खाली बसा," सर म्हणाले.

"नाही बसणार. सहा वर्षं मीच हे कण केलेत. हे चांगलं औषध आहे, सर. पण ज्यांच्या रक्तावर आपण उभे आहोत, त्यांना खोटं ठरवून विकायचं नाही."

दार उघडलं. सोमवारच्या बैठकीचं कांजीबाईने सांगितलं होतं, म्हणून काजमावशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. आपल्या चाचणीचं काय झालं ते ऐकायचा हक्क आहे, असं तिने दारावरच्या माणसाला ठणकावून सांगितलं होतं. तिने नव्वद पुड्यांची माळ सरांसमोर टेबलावर ठेवली.

"तुम्ही म्हणालात ना, फेकल्या? घ्या, मोजा."

कुणी मोजल्या नाहीत. अध्यक्षाबाईंनी माळ हातात घेतली, एका पुडीवरचा मजकूर वाचला आणि विचारलं, "हे 'पेयात' कुणी लिहिलं?" सर पाण्याचा ग्लास शोधू लागले.

कंपनीची माणसं करार न करताच गेली. समितीने चाळीसही जणींचे आकडे अहवालात ठेवायला लावले, आणि वरच्या मजल्यावर चाचणी पुन्हा घ्यायला सांगितली. कारखान्याने मुकाट्याने थंड पाण्याचं मशीन दुरुस्त केलं. तीन महिन्यांनी चौदापैकी बारा जणींचं प्रमाण वाढलं. उरलेल्या दोघींचं का वाढलं नाही, ते कांजीबाईला कळलं नाही. तिने अहवालात तसंच लिहिलं, "कारण कळले नाही", आणि खाली सही केली.

तिची नेमणूक वाढली नाही. निरोप समारंभ झाला नाही. आपला मापाचा चमचा आणि वह्या घेऊन ती जिन्याने उतरली. गंमत म्हणजे, ज्यांनी तिचं नाव पाडलं होतं, त्यांतले दोघे तिचं खोकं धरून रस्त्यापर्यंत आले.

आता ती एका महाविद्यालयात शिकवते. खोली लहान, सूक्ष्मदर्शक जुना. तिथे गेल्यावर तिने सगळ्यात आधी पाणी उकळायची किटली मागितली. कारण काजमावशीने निक्षून सांगितलंय, "गार पाणी तीन महिने प्यायले, तुझ्या शब्दाखातर. पण माझा चहा सुटायचा नाही. तुझे कणच चहात टिकतील असे कर."

सत्तर अंशांपर्यंत ते टिकू लागलेत. चहा त्याहून गरम असतो. ती पुन्हा पीठ कालवते.