चारनंतर यावे

माझी वेबसाइट दुपारी एक ते चार बंद असायची. हसा, हसा! बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करणारा अय्युब दुपारी झोपतो, मग त्याच्या वेबसाइटने काय म्हणून जागं राहायचं? पंचवीसेक वर्षांपूर्वी मी ती स्वतः शिकून बनवली. पोपटी रंग, लुकलुकणारी लाल अक्षरं, जुन्या रेडिओंचे फोटो. फोटोवर क्लिक केलं की खरखर ऐकू यायची. वाचायला आधी फॉन्ट डाउनलोड करावा लागे. आणि दुपारी नुसती पाटी: 'साइट बंद आहे. चारनंतर यावे. फारच घाई असल्यास बुधवार पेठेत अय्युब रेडिओ येथे यावे. तेही बंदच असेल.'

अभिप्रायाच्या पानावर बिबवेवाडीचे कुणी ज्ञानदेव रोज लिहीत. कधी भेट नाही, फोन नंबर नाही. ते लिहायचे, 'खरखर फार आहे.' मी लिहायचो, 'कान तपासून घ्या.' सगळी दुनिया मोबाइलवर गेली, हे गृहस्थ हटले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि एखाद्या दिवशी त्यांनी लिहिलं नाही तर चहा गोड लागायचा नाही.

गेल्या महिन्यात साइट सांभाळणाऱ्या कंपनीने कळवलं, आम्ही गाशा गुंडाळतोय. रेडिओंचे फोटो गेले तर गेले, पण ज्ञानदेवांना कुठे शोधू?

माझी मुलगी मेहजबीन आयटीत आहे. म्हणाली, "अब्बा, टेन्शन नका घेऊ. सगळी साइट कॉपी करून नव्या सर्व्हरवर टाकते. पत्ता तोच राहील."

टाकली की! ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, दुपारी दोन वाजता.

दोन वाजता काय कॉपी होणार? पाटी! याच घरात वाढलेली पोरगी, आणि बाप दुपारी झोपतो हे विसरली. मी उघडून पाहिलं तोवर जुनी कंपनी बंद झालेली, माझा जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलेला. आता सकाळ-संध्याकाळ तीच पाटी. मेहजबीन रडकुंडीला आली. मी तिच्यावर ओरडलो, मग मलाच कसंतरी झालं. माझा माणूस हरवला होता.

सोमवारी चार वाजता शटर उघडलं, तर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. डोक्याला रुमाल, हातात पिशवी.

"अय्युब आपणच ना?" ते उठत म्हणाले. "चार दिवस झाले, तुमची दुपार काही संपेना. म्हटलं माणूस आहे की गेला, बघून यावं. दीडपासून बसलोय."

"दुकान बंद असतं हे पाटीवर लिहिलेलं होतं."

"वाचलं होतं. घाई होती."

स्टूल पुसून दिलं, समोरून चहा मागवला. ज्ञानदेव दोन तास बसले, सगळे रेडिओ पाहिले. निघताना त्यांनी तोंडी अभिप्राय दिला: चहा पांचट, मालक उद्धट.

"उद्या येतो," म्हणाले. "तीनला."

"चारनंतर या."

"तीनला!"

दुसऱ्या दिवशी अडीच वाजताच मी टोपी घालून दारात उभा. अख्तरबानू बघतच राहिली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तिने मला या वेळी कधी उभं पाहिलं नव्हतं.

"बरं वाटत नाही का?"

"काही नाही," म्हटलं, "झोप येत नाहीये." आणि जिना उतरलो.