उसना बैल

मी बैल बोलतोय. लाकडाचा, तान्ह्या पोळ्याचा. खऱ्या बैलाला बोलायला सवड नसते, मला भरपूर आहे.

नाचणगावच्या तानबा सुताराने बैलबंडीचं जू करून उरलेल्या बाभळीतून मला घडवलं. डावं शिंग जरा आखूड राहिलं. "घासून होईल बरोबर," असं म्हणून तो जेवायला गेला, तो विषय तिथेच संपला. चार चाकं लागली आणि पुंडलिकराव मला त्यांच्या माणिकसाठी घरी घेऊन आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जायची. काहींकडे जोडी असायची. पुंडलिकराव दुकानदार माणूस, त्यांनी नमुन्यासारखा एकच आणला.

आमच्या अंगणाला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा, कूड होता. त्यापलीकडे प्रमिलाबाई राहायच्या. ख्रिस्ती घर. नवरा वारलेला, मुलगा शमुवेल पुलगावला कारकून. नाताळात त्या ओसरीवर गव्हाण मांडायच्या. खाली भुशासारखं कुटार, त्यावर कापूस वळून केलेलं येशूबाळ आणि शेजारी उसना नेलेला मी. चाकं कुटारात लपायची. मी घरून निघताना माणिकची आई, मंदाबाई, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावायची. प्रमिलाबाई ते कधी पुसत नसत. पाहुण्याचं कपाळ पुसायचं नसतं, म्हणत.

एका वर्षी आलेल्या चर्चच्या पाळकांनी मला निरखून सांगितलं, की शास्त्रात त्या रात्री बैल होता असं कुठेच लिहिलेलं नाही. मी समोरच उभा होतो.

"गव्हाण तं लिहिली हाय ना?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "मंग तिचा मालक असंलच. आपली खायची जागा देऊन बाजूले उभा राह्यला असंल."

पाळकांनी चहा घेतला.

बैल मात्र उसनाच आणायचा, हा प्रमिलाबाईंच्या सासूपासूनचा नेम. "देवाच्या लेकराले निजायले जागा दुसऱ्याची लागली. आपण कोनाच्या दारी मागायले गेलो नाई, तं नाताळ कायचा?" हे त्या दरवर्षी सांगायच्या. कूड तुराट्यांचा, त्यामुळे आमच्या घरालाही ते पाठ होतं.

माणिक मोठा झाला, वर्ध्याला शिकायला गेला आणि मी माळ्यावर गेलो. थंडी पडली की पुंडलिकराव वर बघायचे. "न्हाणीच्या चुलीत एक वेळचं पानी तापंल."

"नाताळले लागते तो," मंदाबाई म्हणायची. माझं आयुष्य तेवढ्या एका वाक्यावर चाललं होतं.

छप्पन साली दसरा झाला आणि प्रमिलाबाईंची कोंबडी मंदाबाईच्या वाळत घातलेल्या मुंगवड्यांवरून चालत गेली. चुकून नव्हे, सावकाश, दोनदा.

"कोंबडी बांधत जा!" मंदाबाई ओरडली.

"वड्या झाकत जा!" पलीकडून उत्तर आलं.

बोलणं बंद झालं. दिवाळीचा फराळही कुडापलीकडे गेला नाही. कोंबडी तेवढी येत-जात होती.

नाताळ तोंडावर आला. मंदाबाईने माळा झाडायला म्हणून मला खाली काढलं. माळा झाडला नाही. मला पुसलं, तेल लावलं आणि कुडातून दिसेल अशा बेताने ओसरीवर ठेवलं. कोणी आलं नाही. ती सारखी कुडाकडे बघत होती. मी न्हाणीकडे. न्हाणीची चूल तिथून चार पावलांवर होती.

नाताळच्या आदल्या दिवशी शमुवेल घरी आला. त्याने नागपुरातून प्लास्टरचा पांढराशुभ्र बैल आणला होता. दोन्ही शिंगं सारखी.

"माय, आता कोनापाशी मागायची गरज नाई."

मंदाबाईने ते ऐकलं. मला उचललं आणि आत घेऊन निघाली. कुठे, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

"चांगला हाय," पलीकडून प्रमिलाबाईंचा आवाज आला. "पन हा आपलाच हाय ना रे."

मंदाबाई उंबऱ्यातच थांबली. थोड्या वेळाने दारात प्रमिलाबाई उभ्या.

"काऊन आली?"

"बैल मागायले."

"तुह्या घरी नवा आला म्हने."

"तो मागून आनला नाई, मंदा."

मंदाबाईने हळदकुंकवाची कुयरी आणली. माझ्या कपाळाला बोट लावताना ती प्रमिलाबाईंकडेच बघत होती, कुंकू माझ्या डोळ्यात गेलं. मग तिने वाटीभर मुंगवड्या दिल्या.

"झाकून ठेवजो. कोंबडी हाय तुह्या घरी."

पुढच्या पोळ्याला मंदाबाई स्वतः कुडाशी गेली. "तुमचा पांढरा देजो. आमचा एकटाच हाय."

दोघांना तिने एकाच पाटावर ओवाळलं. तो नवखा, फार बोलला नाही. पण जोडी म्हणून बरी दिसलो.

आता माझा रंग उडालाय. एक चाक फिरत नाही. मागणं एकच आहे: ऐपत असली तरी घरात सगळंच आणू नका. एखादी वस्तू मागायची राहू द्या. कुडापलीकडे कोणीतरी ती पुसून, तेल लावून, ओसरीवर मांडून बसलेलं असतं.